पट्टीमावशीचं पान कुठल्या यादीत

शाळेतल्या मुली तिला पट्टीमावशी म्हणतात. माझी ती सख्खी मावशी. एकतीस वर्षं तिनं शाळेच्या दवाखान्यात फुटलेले गुडघे धुतले, ताप मोजले, आणि तेवढीच वर्षं एक प्रकार पाहिला. मुलगी पोट दुखतंय म्हणून येते, गोळी घेते, उगाच घुटमळते आणि खरं विचारायचं ते न विचारताच निघून जाते.

निवृत्त झाल्यावर तिनं माझ्या मागे लागून एक वेबसाइट करून घेतली. पाळी म्हणजे काय, किती रक्त जाणं ठीक, कुणी नको तिथं हात लावला तर कुणाला सांगायचं. चित्रं तिनंच काढलेली, पेन्सिलीची, जरा वाकडी. कुणाच्या तोंडाकडे बघून विचारावं लागू नये, एवढाच हेतू. शाळेच्या संगणकखोलीतून रोज तीस-चाळीस वेळा ते पान उघडलं जायचं. कोण उघडतं ते दिसत नसे, नुसता आकडा दिसे. मावशी रोज संध्याकाळी मला फोन करून तो विचारायची.

मग शाळेच्या समितीला मुलांच्या रक्षणाचं भरतं आलं. इंटरनेटवर मोठ्यांच्या, म्हणजे नागड्या चित्रांच्या, साइट्सच्या पत्त्यांना ‘डॉट कॉम’सारखा एक शेवट सक्तीचा असावा आणि मुलांच्या साइट्सना दुसरा, हा वाद सगळीकडे चालूच होता. समितीनं तो संपायची वाट पाहिली नाही. शाळेत फक्त मुलांचा शेवट असलेले पत्ते उघडतील, बाकी सगळं बंद, असा ठराव झाला. शाळेचं नेटवर्क मी सांभाळते, त्यामुळे बंद करायचं कामही माझ्याकडेच आलं. मी केलं. पगार त्याचाच मिळतो.

मुलांचा शेवट हवा असेल तर असे पत्ते देणाऱ्या संस्थेकडे अर्ज भरायचा होता. सहावा प्रश्न होता, ‘शरीराच्या झाकलेल्या भागांची चित्रे आहेत काय?’ मावशीनं ‘होय’ लिहिलं आणि पुढे ‘अकरा’ असा आकडाही टाकला. मी म्हटलं, नुसतं ‘अभ्यासाच्या आकृत्या’ लिही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला थर्मामीटर झटकून ताप उतरवायला सांगत होते.

आठ दिवसांत उत्तर आलं. अर्ज नामंजूर, मोठ्यांच्या शेवटासाठी प्रयत्न करावा. त्याच पत्रासोबतच्या मंजूर यादीत बंदुकांच्या एका खेळाची साइट होती. तिथं माणसं धडाधड मरत होती, पण अंगभर कपड्यांत.

“म्हणजे आता मी त्या घाणीशेजारी दुकान थाटू?” मावशी म्हणाली. आणि थेट शाळेच्या समितीपुढे जाऊन उभी राहिली.

पहिल्या बैठकीत अध्यक्षांनी पान दाखवा म्हटलं. अध्यक्ष कापडाचे व्यापारी, माणूस सभ्य. पण बैठकीच्या खोलीतला संगणकही शाळेच्याच नेटवर्कवर. पडद्यावर आलं, ‘हे पान मुलांसाठी योग्य नाही.’ अध्यक्ष म्हणाले, “बघा, संगणकसुद्धा तेच सांगतोय.” संगणकाला ते मी सांगितलंय आणि मला तुम्ही, हे समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. इतिवृत्तात नोंद झाली, ‘पान पाहता आले नाही, तथापि अयोग्य आढळले.’

दुसऱ्या बैठकीला मावशीनं सगळं छापून नेलं. अकरा कागद टेबलभर फिरले, सगळे पालथे. हेडबाईंनी तेवढा एक सुलटा केला, चष्मा लावला, काढला आणि चहा मागवला.

तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष हात जोडून म्हणाले, “बाई, तुमच्या हेतूबद्दल शंकाच नाही. पण उद्या पालक विचारतील.”

“मुलींना पालकांशी बोलता आलं असतं, तर मी हा उपद्व्याप केलाच नसता,” मावशी म्हणाली.

शेवटी समितीनं मधला मार्ग काढला. पान दवाखान्यातल्या एकाच संगणकावर उघडेल, मंगळवारी आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीत. आणि मार्गदर्शनासाठी मावशींनी जातीनं हजर राहावं.

घरी येऊन मावशीनं कपाळाला हात लावला. “मी समोर नसावं म्हणून तर सगळा खटाटोप, आणि यांनी मलाच आणून बसवलं,” असं ती तासभर बोलत राहिली. नेटवर्कवर उघडू द्यायच्या पत्त्यांच्या यादीत गुपचूप एक ओळ घातली तर पान शाळाभर उघडेल, मी सुचवलं. तिनं साफ मोडून काढलं. पकडलं गेलं तर माझी नोकरी जाईल आणि पान कायमचं जाईल, म्हणाली.

पहिल्या मंगळवारी आकडा शून्य. गुरुवारी शून्य. दोन मुली दारापर्यंत आल्या आणि मावशीला पाहून पाण्याच्या नळाकडे वळल्या.

पुढच्या मंगळवारी मावशीनं संगणक कोपऱ्यात वळवला, स्वतःची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि दाराकडे पाठ करून बसली. पावलं वाजली. ती वळली नाही. “ये. मी मागे बघणार नाही,” एवढंच म्हणाली. बराच वेळ फक्त माउसचा आवाज येत होता.

त्या दिवशी आकडा एक होता. महिनाअखेर तो दिवसाला नऊवर गेला. समितीनं अहवालात लिहिलं, ‘मावशींच्या मार्गदर्शनाचा मुलींना लाभ होत आहे.’

मावशीनं तो कागद माझ्यापुढे टाकला. “मार्गदर्शन कसलं डोंबलाचं? आठवड्यातून दोनदा भिंतीकडे तोंड करून बसते मी. आणि त्यांना सांग, एका सुट्टीत नऊजणींचं होत नाही. अजून एक दिवस पाहिजे.”