उंबऱ्यावर मोडलेले पाय

रिसोडच्या सरकारी दवाखान्यातले वानखडे डॉक्टर रोग्याला 'बरा झालास' असे म्हणत नसत. दुखणे हटले तरी खेकसत, "जगला तू. बरं व्हाचं हाये अजून." मग पकडीतला जोर पाहायला दोन बोटे पुढे करीत. "दाब."

ही सवय केनवडच्या गुलाबपासून लागली. कुऱ्हाडीच्या जखमेतून या शेतमजुराला धनुर्वात झाला. कित्येक आठवडे तो अंधाऱ्या खोलीत, झोपेच्या औषधांच्या अमलाखाली पडून होता. वाचला, तेव्हा तरुण वानखड्यांनीच त्याच्या आईला आनंदाने सांगितले, "मावशी, पोरगा बरा झाला."

त्या भागात घरोघरी रीत होती: दवाखान्यातून आलेल्याने उंबरा आपल्या पायांनी ओलांडायचा. उचलून नेतात ते मढे. बैलगाडीतून उतरवून त्याला दारात उभे केले.

"माय, पाय माह्ये नाई राह्यले," तो म्हणाला.

"सोंग करून राह्यला," काका म्हणाला. "आयतं खाऊन माजला." त्याने हात सोडला. गुलाब उंबऱ्यावर कोसळला. मांडीचे हाड मोडले.

दवाखान्यात डॉक्टर काकाच्या अंगावर धावून गेले. "काहून सोडलं त्याले?"

"तुमीच बरा म्हनलं ना, सायब? बऱ्या मानसाले कोन धरते?"

आपल्याच त्या शब्दाचा राग डॉक्टरांनी जन्मभर बाळगला. जिल्ह्याहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी गुलाबला पाहून 'आळस' असे निदान केले, तेव्हा वानखडे वॉर्डात सगळ्यांदेखत ओरडले, "मोठं दुखणं नसा खाते, मांस खाते. तुमच्या पुस्तकात नाव नाही म्हणून रोगी लबाड काय?" याबद्दल त्यांना समज मिळाली. रोज गुलाबचे हातपाय हलवून घेणे त्यांनी सोडले नाही. तो चालू लागला, पण काठीने, लंगडत.

पुढे डॉक्टरच विषमज्वराने दीर्घकाळ अंथरुणाला खिळले. दवाखान्यातून खाटेवर घरी आणले तेव्हा भावांनी त्यांना दारात उभे करायला काखेत हात घातले.

"खाटेसकट आत घ्या!"

"लोक काय म्हनतीन?"

"मेला म्हनू द्या!"

खाट आत गेली. भेटायला आलेल्या गुलाबने काठी भिंतीला टेकवली आणि दोन बोटे पुढे केली. "दाबा, सायब."

डॉक्टरांची मूठ बोटांभोवती जेमतेम मिटली.

"जगले तुमी," गुलाब म्हणाला. "बरं व्हाचं हाये अजून."

"मले शिकवतं का बे?" डॉक्टर भडकले. बोटे मात्र त्यांनी सोडली नाहीत.