मॅडमची गाडी

१८ जानेवारी, रविवार. नवे तांदूळ कोठीत भरायचे होते. तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला, वर तांदळाचा थर, पुन्हा पाला, असं चाललं होतं. तेवढ्यात माझ्या पहिल्या साहेबांचा फोन आला.

या साहेबांच्या तोंडून सरळ वाक्य ऐकलेला माणूस भंडारा जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. तलावातल्या मासेमारांच्या सोसायट्यांना मत्स्यबीज पुरवणारी आमची एक लहानशी संस्था होती. मी नुकतीच लागले होते आणि साहेबांबरोबर जीपमधून तुमसरपासून लाखांदूरपर्यंत फिरायचे. पहिल्याच दौऱ्यात त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं, की तलावाच्या पाळीवर मोठ्यानं बोललं की मासे तळाला जातात आणि सोसायटीचं नुकसान होतं. मी अख्खी बैठक कुजबुजत घेतली. माझा मान राखायचा म्हणून गावकरीही कुजबुजायला लागले. शेवटी सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष मिठाचं गरम पाणी घेऊन आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "गरा बसला का जी बाई तुमचा?" साहेब पिंपळाआड पोट धरून हसत होते. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "काहून रुसून राहिली? आता हे गाव तुले जन्मात विसरत नाही." ते खरंच निघालं.

त्यांची सगळ्यात आवडती गंमत म्हणजे अदलाबदल. नव्या गावात शिरायच्या आधी मला जीपच्या पुढच्या सीटवर बसवायचे, स्वतः मागे जायचे आणि उतरताच जाहीर करायचे, "ह्या नागपूरच्या मोठ्या मॅडम. मी यांचा शिपाई." मग मला खुर्ची, टॉवेल अंथरलेली, समोर माझ्या वडिलांच्या वयाची माणसं उभी. मान खाली घालून मी चहा प्यायचे. साहेब मात्र जाळी विणणाऱ्या बायापुरुषांत बसून विडी ओढायचे आणि मॅडमसमोर कोणी बोललं नसतं ते सगळं ऐकून घ्यायचे. बीज कुठं मेलं, कोणी कमी दिलं, सगळं. दौऱ्याचं खरं काम तिथंच व्हायचं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

फोन हे त्यांचं दुसरं हत्यार. सोसायटीच्या सेक्रेटरीचा आवाज काढून, तुम्ही बोटुकलीच्या, म्हणजे माशांच्या बोटभर पिल्लांच्या, नावाखाली बेडकं दिली, म्हणून त्यांनी मला रडकुंडीला आणलं होतं. एकदा "पोरी, रस्ता चुकलो" म्हणाले. मी जीप घेऊन धावले, तर साहेब ऑफिसच्या मागच्याच टपरीवर दोन चहा सांगून बसलेले.

तर तो रविवारचा फोन. "मी शहापूरच्या फाट्यावर उभा आहो," साहेब म्हणाले. "घराचा रस्ता नाही सापडून राहिला. तू मले घ्यायले येते का?"

साहेबांचं घर त्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. तीस वर्षं ते तिथंच राहतात. आवाज जरा बारीक वाटला, पण आवाज काढण्यात त्यांचा हात कोण धरणार? मी हसले आणि त्यांच्याच थाटात म्हणाले, "थांबा तिथंच. मॅडमची गाडी पाठवते." फोन ठेवला आणि तांदूळ भरून संपवले.

संध्याकाळी काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. साहेब दुपारभर फाट्यावरच्या बाकावर बसून होते. ओळखीची दोन माणसं घरी सोडायला तयार होती, पण हे उठायलाच राजी नव्हते. मॅडमची गाडी येऊन राहिली, थांबायले सांगितलं आहे, एवढंच म्हणत होते. अंधार पडल्यावर शेजाऱ्यानं हाताला धरून आणलं. काकू म्हणाल्या, वर्षभरापासून असं आहे. नावं विसरतात आणि थट्टा केल्यासारखं दाखवतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग विचारलं, "कोण गं ही मॅडम? तुला माहीत आहे?"

मी सांगितलं, की मॅडम म्हणजे मीच आणि गाडीचं थट्टेत बोलले होते. लाज वाटली म्हणून वाक्य लांबवलं नाही. काकू म्हणाल्या, "त्यांनीच शिकवलं ना तुला."

त्यानं तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठून ऑफिसला रजा कळवली आणि गाडी काढली. साहेब ओसरीत स्वेटर घालून तयार बसले होते. मला बघून उठले. ओळख दिसली नाही.

"मॅडमनं पाठवली का गाडी?"

"हो साहेब. कालच यायला पाहिजे होती. उशीर झाला."

"तू कोण?"

"मी ड्रायव्हर."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. क्षणभर वाटलं, आता हसतील. मी पुढचं दार उघडून धरलं, तर मान हलवून स्वतःच मागचं दार उघडून बसले.

"ती जागा मॅडमची आहे," म्हणाले.

मग पुढची सीट रिकामी ठेवून मी त्यांना फाट्यापर्यंत नेलं, कालच्या बाकाजवळ गाडी वळवली, आणि तिथून घरी सोडलं.