जाळीच्या शेपटीचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरमध्ये मी आयुष्यात कधी बसलो नाही. पण त्या एका घराण्याच्या दोन नमुन्यांतला फरक मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पहिला नमुना लहान, त्याची शेपटी उघडी, लोखंडी जाळीची. वैमानिक सोडून त्यात चार माणसं. दुसरा त्याच्यावरूनच वाढवलेला, अंगानं मोठा, शेपटी बंद पत्र्याची. त्यात सहा. दोन्ही लष्करासाठी केलेले. जवान न्या, सामान न्या, जखमी आणा, पडेल ते काम करा. तालुक्याच्या कारकुनासारखेच, असं मी तेव्हा गमतीनं म्हणायचो.

साठच्या दशकाची पहिली वर्षं होती आणि मी पापनाशमच्या तालुका कचेरीत तो कारकून होतो. घर तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. रोजच्या बसच्या हेलपाट्यांचा कंटाळा येई, म्हणून आठवड्यातले चार दिवस मी आत्याकडे राहायचो. तिचं गाव कचेरीपासून सायकलीनं पाऊण तासावर, कोळ्ळिडम नदीच्या काठाला. आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणत असू. त्यांची भाताची शेती होती, मूलबाळ नव्हतं. आत्या हाडांची काडी, पण जीभ तिखट. पानात वाढताना म्हणायची, "सरकार तुज पगार देतें, भात तर मीच देतें कीं." आणि नको म्हणेपर्यंत वाढत राहायची.

त्या वर्षी कार्तिकात पाऊस थांबेचना. नदीचा बांध फुटण्याच्या आठवडाभर आधी वरून एक परिपत्रक आलं. पूर आलाच तर लष्कराची हेलिकॉप्टरं येतील, त्यांच्यासाठी जागा कशी निवडावी, पेंढा कसा दूर करावा, चुन्यानं खूण कुठे घालावी, असं सगळं त्यात होतं. शेवटी दोन नमुन्यांची चित्रं आणि कशात किती माणसं मावतात याचा तक्ता. त्याच्या अकरा गावांसाठी अकरा प्रती मी हातानं काढल्या. तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप होती, तीही अकरा वेळा लिहिली. नक्कल करणारा माणूस वाचत नसतो, त्याचा फक्त हात चालतो. अकराव्या प्रतीनंतर बोटं आखडली होती, एवढं मला आठवतं.

बांध फुटला आणि आत्याचं गाव तीन बाजूंनी पाण्यात गेलं, चौथीकडे नदी होतीच. तिसऱ्या दिवशी रेव्हेन्यू इन्स्पेक्टर आणि मी नावेतून तिथे पोचलो. दोन रात्री कोणालाच झोप नव्हती. इन्स्पेक्टर तमिळ गृहस्थ, भला माणूस, पण तापानं फणफणलेला. त्यांनी माझ्या हाती कागद दिला आणि म्हणाले, "यादी तुम्हीच करा, मला आता कोणाचं तोंडही ओळखू येत नाही." मग ते देवळाच्या ओसरीवर आडवे झाले.

मोठं हेलिकॉप्टर येणार आणि पाणी ओसरेपर्यंत रोज एक फेरी करणार, असा निरोप पोलिसांच्या वायरलेसवर आला होता. म्हणजे सहा जागा. आजारी पाच निघाले. बाळंतपणात अडलेली एक बाई, साप चावलेली एक मुलगी, भिंतीखाली हात चिरडलेला एक शेतमजूर, हगवणीनं सुकून गेलेला एक म्हातारा, आणि माझी आत्या. तिला चार दिवस ताप होता, छाती भरली होती, श्वास घेताना घरघर ऐकू येत होती. पाचही जणांना मी खळ्यावर आणवलं. गावात उंच आणि कोरडी जागा तेवढीच होती. कडेला भात व्यापाऱ्याची झोपडी होती, तिच्या आढ्याला पोती तोलायचा काटा टांगलेला होता, त्याच्याखालीच आत्याची चटई घातली.

दिवस कलायला आला तेव्हा आवाज आला. मी वर पाहिलं. शेपटी जाळीची होती.

तक्ता मला तोंडपाठ. जाळीची शेपटी म्हणजे चार. पाचांतला एक राहणार. सगळं गाव खळ्याभोवती उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. त्या गावात मराठी घर एकच, तेही जमीनदाराचं, आणि यादी करणारा त्याच घरचा भाचा. आपला तो बाब्या, असं कोणी म्हणण्याआधीच मी पेन काढलं आणि आत्याचं नाव खोडलं. खोडलं ते मोठ्यानं सांगितलंही, तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आज मला त्या खोडण्यापेक्षा त्या मोठ्या आवाजाची लाज जास्त वाटते.

मग चटईशी जाऊन वाकलो. "आत्या, धाकटं विमान आलं. जागा चारच. तुम्हांस उद्या सकाळी, थोरल्यातून."

ती धापा टाकत होती. म्हणाली, "सरि, बरें. त्या पोरीस आधी ने." थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या येईल कीं?"

"नक्की येईल."

"मग तूं जेवून घे. तोंड बघ कसं झालं."

वैमानिक उत्तरेकडचा तरुण होता. पंखा फिरतच होता, कानठळ्या बसत होत्या. मी त्याच्या कानाशी ओरडून इंग्रजीत म्हणालो, "पेशंट चार." त्यानं मान डोलावली. चौघांना आम्ही उचलून आत बसवलं. चिखलपाण्याचे शिंतोडे उडवत ते उठलं आणि तंजावुराकडे गेलं. मामा आत्याच्या उशाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठीवर हात ठेवला. 

पहाटे आत्या गेली. घरघर हळूहळू कमी झाली तेव्हा आम्हांला वाटलं, तिला बरं वाटतंय.

उजाडल्यावर दुसरं हेलिकॉप्टर आलं. बंद पत्र्याची शेपटी, सहा जागा, वैमानिक तोच. पंखा थांबवून तो खाली उतरला आणि विचारू लागला, कोणाला न्यायचंय. मी म्हणालो, कोणालाच नाही, एक बाई होत्या, त्या पहाटे वारल्या.

"काल होत्या?"

"होत्या. पण तुमच्या कालच्या नमुन्यात चारच जागा."

त्यानं चटईकडे पाहिलं. धुतलेल्या लुगड्याखाली माणूस आहे की नाही असं वाटावं, एवढीच ती दिसत होती. तो म्हणाला, "कोणी सांगितलं चार?"

"तक्त्यात आहे."

"तो तक्ता जवानांचा आहे. धडधाकट जवान, त्याची बंदूक, पाठीवरचं ओझं. खाली लिहिलेलं असतं तसं. हे यंत्र माणसं मोजत नाही, वजन उचलतं. कालचे तुमचे चौघं मिळून तीन जवानांएवढेही भरले नसते. या आजींना मी पायाशी बसवून नेलं असतं." तो रागावला नव्हता. तोही दमलेला होता. "तुम्ही मला चार म्हणालात. मला वाटलं, चारच आहेत."

अकरा वेळा लिहिलेली ती टीप मला तेव्हा शब्दन् शब्द आठवली. आणि वर, आत्याच्या चटईवर, तो काटा लोंबत होता.

वैमानिकाचं इंग्रजी बोलणं तिथे माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही. इन्स्पेक्टर झोपलेले होते, मामा भटजींशी बोलत होते. "काय म्हणतो तो?" मामांनी विचारलं. मी म्हणालो, "दुखवटा सांगतो."

पुढचं सगळं सरळ झालं, आणि तेच मला जड गेलं. इन्स्पेक्टरांनी शुद्धीवर आल्यावर अहवालात लिहिलं की कारकुनानं सख्ख्या आत्याचं नाव वगळून परक्यांना पाठवलं. तहसीलदारांनी मला बोलावून खुर्ची दिली. वर्षभरात बढती मिळाली. ती साप चावलेली मुलगी वाचली. तिच्या लग्नाची पत्रिका माझ्या घरी आली, मी गेलो नाही. चाळीस वर्षांच्या नोकरीत माझी कीर्ती एकच, हा माणूस आपलं-परकं बघत नाही. लोक तसं म्हणाले की मी मान खाली घालायचो आणि त्यांना तो विनय वाटायचा. खरं सांगायचं तर मला त्या शब्दांचा वीट आला होता.

मामा जिथे जात तिथे अभिमानानं ही गोष्ट सांगत. लग्नामुंजीत, बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही. अखेरच्या दिवसांत ते तंजावुरात आमच्याकडेच होते. एकदा दुपारी मी त्यांना काप्पी पाजत होतो. बशी तोंडाशी धरली होती. ते थांबले आणि म्हणाले, "एक विचारूं? इतकीं वर्षं विचारलं नाहीं."

"विचारा कीं मामा."

"ती फार बारीक होती रे. शेवटीं शेवटीं तर मीच उचलून न्हाणीस नेत होतों, एका हातानं. त्या विमानांत तिच्यापुरतीं कुठें कोपऱ्यांत जागा नव्हती काय?"

म्हणजे त्यांनाही तो काटा दिसला होता. इतकी वर्षं ते कौतुक सांगत होते आणि आत हे धरून बसले होते.

आमची मराठी घरात बोलण्यापुरती, शाळा सगळी तमिळ; माझ्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. मीही ती निवृत्तीनंतर शिकलो, आणि कशासाठी शिकलो ते आज लिहिताना कळतंय. त्या दुपारी मामांना खरं सांगितलं असतं तर ते मला माफ करून गेले असते, अशा स्वभावाचे ते होते. पण माझ्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"नव्हती मामा," मी म्हणालो. "चारच होत्या."

"सरि," ते म्हणाले, आणि उरलेली काप्पी प्यायले.