कागदोपत्री ठणठणीत

पगारे सर पडले की पडल्या जागेवरूनच ‘विश्राम!’ अशी ऑर्डर द्यायचे. मैदानावर, व्हरांड्यात, एकदा तर मुख्याध्यापकांच्या खोलीच्या उंबऱ्यात. पोरं हसायची, तेही हसायचे आणि त्या हशाच्या आडून गुडघ्यावर हात रोवून हळूच उठायचे. पँट झटकत म्हणायचे, “पीटीचा मास्तर हाय. जमिनीची तपासनी करावी लागती.”

सुदाम पगारे. नव्वदच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका हायस्कुलात ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि मी मराठीचा. अंगाने काटक, आवाज खणखणीत, गळ्यात शिट्टी. बी.पी.एड. झाले तरी बोली गावाकडचीच ठेवली. “शुद्ध बोलायला शाळेत तुमी हाय की,” असं मला म्हणायचे. बौद्ध घरातले, पंचशील पाळणारे. दारूच्या बाबतीत तर इतके कडक, की सख्ख्या पुतण्याच्या वरातीत दोघेजण पिऊन नाचले म्हणून त्यांनी वाजंत्री थांबवली होती.

अशा माणसावर दारूचा संशय घेणारा गावातला पहिला विद्वान मीच.

झालं असं, की एका उन्हाळ्यात सर झुलत चालू लागले. भिंतीला हात लावत वर्गात यायचे. कधी जीभ जड व्हायची, कधी समोरच्या एका पोराला “तुमी दोघं मागं सरा” म्हणायचे. थंडीत जरा बरे असायचे, ऊन वाढलं की पुन्हा तेच. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं, ‘सदर शिक्षक मद्यप्राशनसदृश अवस्थेत विद्यार्थ्यांसमोर येतात.’ खाली सही केली नाही. निनावी राहणं हा मला तेव्हा विनय वाटला होता. दुसऱ्या कुठल्या आडनावाचा मास्तर झुलत असता, तर मी आधी त्याची तब्येत विचारली असती का, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर काही भूषणावह नव्हतं.

मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून पत्र पुढे केलं. सरांनी वाचलं, ते टेबलावर वाकले आणि मुख्याध्यापकांच्या तोंडासमोर मोठा श्वास सोडला. “घ्या सर, वास घ्या. शेंगदान्याची चटनी हाय. दुसरं काय न्हाई.” मुख्याध्यापक ओशाळले. त्यांनीच मग रजा मंजूर करून सरांना पुण्याला पाठवलं.

पुण्यात त्यांना नळकांड्यासारख्या मशिनात निजवलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं आणि निदान झालं, मल्टिपल स्क्लेरोसिस. परत आल्यावर सरांनी आम्हाला स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं. “मेंदूपासनं पायापातुर वायरी गेलेल्या असत्यात. त्यांचं कव्हर आपल्याच रक्तातल्या शिपायांनी कुरतडलंय. उंदरानं मोटारीची वायर खावी तसं. इहीर भरल्याली, मोटार चांगली, पन करंट मधीच गळतो.”

“औषध काय मग?” कुणीतरी विचारलं.

“लई वाढलं की सलाईन. बाकी पडायचं आन् उठायचं.” मग हसून म्हणाले, “मान खाली वाकवली की पाठीतनं करंट जातो. सगळ्या गावात लोडशेडिंग, आन् माझ्या पाठीत चोवीस तास सप्लाय.”

सगळे हसले. मी जरा जास्तच मोठ्यांदा हसलो.

दोन दिवसांनी माझा तास नसताना सर समोर येऊन बसले आणि ते पत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. “‘सदृश’ हा शब्द ह्या शाळेत तुमच्याबिगर कोन वापरतं, सर?”

आजन्म भाषा शिकवणाऱ्याला एक ‘चुकलं’ म्हणता येईना.

“तक्रार लई झ्याक लिवलीय,” ते म्हणाले. “वाचून मलाबी वाटलं, ह्या बेवड्याला काढूनच टाकावं. आता एक करा. माझ्या बाजूनं लिवा.”

कारण संस्थेने त्यांना राजीनामा द्यायला सांगितला होता. धावू न शकणारा पीटीचा मास्तर कशाला ठेवायचा? “आडनाव पगारे, आन् पगारच बंद,” सर म्हणाले. पण या वेळी ते स्वतःच हसले नाहीत. घरी मंदावहिनी आणि शिकत असलेल्या दोन मुली होत्या.

मी रात्र जागवून चार पानी अर्ज लिहिला. त्यात ‘दुर्दैवाचे आघात’ होते, ‘करुणेची याचना’ होती. सरांनी लाल पेन घेतलं आणि साडेतीन पानं कापली. “ही भीक हाय. मला भीक नको, काम पायजे. मला काय काय येतं ते लिवा.”

तो अर्ध्या पानाचा अर्ज घेऊन आम्ही नगरला गेलो. एस्टीत त्यांनी मला कुठल्या थांब्यावर मुतारी आहे, कुठली चालू आहे, कुठली नुसती नावाला, हे सगळं ऐकवलं. त्या आजारात लघवी रोखून धरता येत नाही. “हा नकाशा मला तोंडपाठ हाय. उद्यापासनं भूगोल माझ्याकडं द्या,” म्हणाले. शिक्षण खात्याचं ऑफिस जिना चढून वर. सर खाली बाकावर बसले, उन्हाने अंगातली ताकद जाते म्हणून ओला पंचा डोक्यावर घेऊन. शिपायाने निरोप आणला, बरोबरच्या माणसाला वर पाठवा. मी उठलो, तर त्यांनी माझा हात धरला. “माझं पाय गेल्यात, सर. तुमी जीभबी घिऊन जाऊ नका. सायेब येतील खाली.”

साहेब त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या खेपेलाही नाहीत. तिसऱ्या खेपेला मधल्या सुट्टीत जिना उतरले. सर कठडा धरून सावधानमध्ये उभे राहिले, अर्ज दिला आणि साहेब वाचेपर्यंत तसेच उभे राहिले. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांसाठी कायदा नुकताच झाला होता. साहेबांनी तो मागवून पाहतो म्हटलं, आणि खरंच पाहिला. महिन्याभराने आदेश आला, सरांना शाळेतच ठेवावं, ग्रंथालयाचं आणि खेळांच्या मार्गदर्शनाचं काम द्यावं. मग ते लिंबाखाली खुर्ची टाकून मुलींना खो-खो शिकवू लागले.

इथे दुसरा कुणी शांत बसला असता. सरांनी पोस्टकार्डं आणली. श्रीरामपूर, संगमनेर, राहाता, जिथल्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल तिथे माझ्याकडून लिहून घेतलं, ‘आपल्याकडे माझ्यासारखा रुग्ण असल्यास कळवावे.’ “सोयरिकीच्या पत्रासारखं लिवा,” म्हणायचे. “स्थळ कसंबी चालंल.”

राहात्याहून एका डॉक्टरचं उत्तर आलं. जवळच्या वस्तीवर शालन नावाची तेवीस वर्षांची मुलगी होती. पाय बधिर, डोळ्यांना दोन दोन दिसतं. सासरच्यांनी ‘बाहेरची बाधा’ म्हणून माहेरी आणून सोडलेली. आम्ही गेलो तेव्हा ती ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. वडील म्हणाले, “लई देवरुषी झालं. कायतरी येतंय तिच्या अंगात.”

सर काठी टेकत तिच्यापुढे जमिनीवर बसले. “पोरी, मान खाली घातल्यावर पाठीतनं करंट जातो का?”

तिने वळून पाहिलं. “व्हय,” म्हणाली. “तुमाला कसं कळलं?”

“माझ्याबी जातो.”

ती रडायलाच लागली. वडील घाबरले. पण ती सांगत होती, “बघा, म्या खोटं बोलत न्हवते. ह्यांच्याबी हाय. ह्यांच्याबी हाय.”

परतीच्या एस्टीत लोणी गेल्यावर सर म्हणाले, “मला दोन वर्सं असं इचारनारं कुनी भेटलं न्हाई, सर. लोकं हसायच्या आधी आपुन हसायचं, म्हून हसत हुतो.” त्या दोन वर्षांत ते निनावी पत्र मीच लिहिलं होतं.

शालनला सासरच्यांनी परत नेलं नाही. तिचं निदान पुण्यात झालं, सलाईननंतर पायही थोडे सुधारले. दहावी झालेली होती. पोस्टकार्डं लिहायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. तिचं म्हणणं, माझी वाक्यं संपत नाहीत.

हळूहळू या आजाराचे सात जण जमले. मग दुसऱ्या आजारांचे, अपघाताचे, पोलिओचेही येऊ लागले. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सगळ्यांना नगरला जावं लागे. कुणी पाठीवर, कुणी टेम्पोत. दाखल्याचं शिबिर तालुक्याला भरवा, यासाठी सर तीन वर्षं कचेऱ्यांच्या जिन्याखाली बसले. अखेर मंजुरी आली. पण तोवर सरांनी अंथरूण धरलं होतं, आणि शिबिराच्या सकाळी त्यांना सडकून ताप होता. शालन आणि मी गेलो.

संध्याकाळी परतलो. सरांचा आवाज घोगरा झाला होता. “सावली हुती का?”

“मांडव होता.”

“पानी?”

“दोन रांजण होते. सगळ्यांचे अर्ज घेतले.” मग मला सांगावं लागलं, “तुमचा मात्र राहिला. कागद दाखवले, पण डॉक्टर म्हणाले, माणूस समक्ष पाहिजे.”

इतक्या वर्षांत स्वतःचा दाखला काढायला त्यांना सवड झाली नव्हती. दर खेपेला दुसऱ्याच कुणाचं काम निघायचं. माझ्या हातातला कोरा फॉर्म बघून ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले. मंदावहिनी पाणी घेऊन धावल्या.

“म्हंजे सरकारदरबारी मी ठणठणीत हाय,” ते म्हणाले. “सर, हे कुनाला सांगू नगा. परत धावायला लावतील.”

आठ दिवसांनी ते गेले. ताप छातीत उतरला होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर मंदावहिनींनी त्यांचे कागद आवरताना तो फॉर्म शालनच्या हातात दिला. म्हणाल्या, “कोराच हाय. वाया कशाला घालवायचा?” पुढच्या शिबिरात तो राहुरीकडच्या एका सुताराच्या नावाने भरला गेला. शालन सांगत होती, मी लिहीत होतो. मध्येच मी एक लांबलचक वाक्य सुरू केलं, तर तिने पेनवर हात ठेवला.