पहिल्या ठोक्याची भीती

टक्. टक्. टक्. लाकडी बाकावर खडूचा तुकडा आपटत तांबेसर ठेका धरायचे, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दादरच्या तंत्रशाळेत मी नवा शिक्षक होतो. सर्किट कागदावर रेखाटण्याऐवजी शब्दांत लिहायची नवी भाषा सरांनी तिथे आणली होती. त्यांनी लिहिलेलं एक पान मी शाळेतल्या कवितेसारखं, वरून खाली, चालीत वाचलं. सर हसले. "कवी, इथल्या ओळी एकीमागून एक चालत नाहीत. सकाळी चाळीत कसं, कुठे कुकर, कुठे रेडिओ, कुठे भांडण, सगळं एकदम? तसं. सर्किटमधल्या घड्याळाचा ठोका पडला की सगळ्या ओळी एकदम हलतात." तेव्हापासून मी त्यांचा 'कवी'.

पुढे परळच्या एका छोट्या चिप-डिझाइनच्या कचेरीत आम्ही बरोबर काम केलं. तिथे सरांचा दंडक होता: लिहिणाऱ्याने आपलं काम आपणच तपासायचं नाही. दुसऱ्याने ते मोठ्याने वाचायचं, मगच ते कारखान्याकडे जायचं. चिप एकदा घडली की खोडरबर चालत नाही. सर भित्रे आहेत, असं लोक म्हणत. आहेतच. हा गौरव त्या भित्रेपणाचा आहे.

नयना कांबळे ही आमची हुशार सहकारी. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाची चिप तिने लिहिली होती. संगणकावरच्या चाचण्या पार पडल्या होत्या, पेढेही आले होते. मी वाचत होतो, सर ठेका धरत होते. मध्येच खडू थांबला.

"नयनाताई, वीज गेली आणि परत आली. पहिल्या ठोक्याला पंप काय करील?"

शून्यापासून सुरू होईल, असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा उतरला. सुरुवात शून्यापासून, हे चाचणीने गृहीत धरलं होतं. चिपला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पंप गप्प राहिला असता, नाहीतर सगळं औषध एकदम सोडून बसला असता. सरांनी स्वतः ग्राहकाला फोन लावला. उशीर होईल आणि जबाबदारी माझी, एवढंच म्हणाले. नयनाचं नाव काढलं नाही. पेढे मात्र वाटायला लावले. "चूक इथे सापडली, वॉर्डात नाही. खा."

आज सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठी हे लिहिताना मी पुन्हा पुन्हा त्यांना फोन लावतोय. सरांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले, म्हणून परवा त्यांच्या छातीत पेसमेकर बसवायचा होता. तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे, आणि मुलाचा नंबर माझ्याकडे नाही. त्या इवल्याशा यंत्राची चिप कुणी लिहिली असेल? कुणी मोठ्याने वाचली असेल का ती? पहिल्या ठोक्याचा प्रश्न कुणी विचारला असेल का? हा गौरवलेख आहे, मृत्युलेख नव्हे, असं दर ओळीला मनाला बजावतोय.

सर, शंभरी गाठा, असं बाकीचे म्हणतीलच. माझं मागणं लहान आहे. तुमचा पुढचा ठोका वेळेवर पडो, आणि त्याच्या पुढचाही.

इथवर आलो आणि डिलाईल रोडवरच्या माझ्या तळमजल्यावरच्या खोलीचं दार वाजलं. टक्. टक्. टक्. अगदी सारख्या अंतराने.

दारात तांबेसर उभे होते, मुलाच्या खांद्यावर हात टाकून, इस्पितळातून घरी जाता जाता.

"लेख छापायला निघालाय म्हणे," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "कुणी वाचला का, कवी? नाही ना? आणा इकडे. मी वाचतो, तुम्ही ठेका धरा."