मुरलीधररावांचं गळकं सनरूफ

मयूर विहारच्या ज्या सोसायटीत मुरलीधर खांबेटे राहतात, तिथे कोणाच्या घरी नळ गळू लागला तर लोक आधी दार लावून घेतात आणि मग हळू आवाजात प्लंबरला फोन करतात. कारण गळतीचा सुगावा लागला, की मुरलीधरराव पान्हा घेऊन जिन्यात हजर होतात. माणूस तसा सज्जन. तरुणपणी विमा कंपनीच्या नोकरीसाठी पुण्याहून दिल्लीत आले, इथेच रमले, इथेच निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी लोकांच्या नुकसानीचे दावे तपासले. निवृत्तीनंतर ती नुकसानं स्वतः करायला त्यांना सवड मिळाली, असं त्यांच्या पत्नी रेवतीबाई म्हणतात.

त्यांनी दुरुस्त केलेला मिक्सर सुरू होतो, पण बंद करायला प्लग उपटावा लागतो. दाराची बेल त्यांनी अशी काही जोडली होती, की ती दाबली की शेजारचे द्वारकाजी मिश्रा उठून आपलं दार उघडायचे. तरीही कारागिराला घरात घ्यायचं नाही, हे मुरलीधररावांचं व्रत. कारागीर एक गोष्ट नीट करतो आणि दुसरी बिघडवून जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. आपलं आपण बिघडवलं तर निदान कोणाचे उपकार तरी नाहीत.

अशा घरात त्यांच्या मुलीने, अश्लेषाने, सनरूफची गाडी आणली. ती नोएडात आयटी कंपनीत आहे. ऑफिसातला एक मित्र बदली होऊन चालला होता, त्याची गाडी तिने घेतली. स्वतः ती मेट्रोनेच जायची. गाडी आईबाबांच्या सोयीसाठी आणि रविवारच्या हौसेसाठी. छपरातली काच सरकलेली पाहून मुरलीधरराव म्हणाले, की छपराला भोक पडू नये म्हणून माणूस आयुष्यभर धडपडतो आणि तुम्ही लोक ते मुद्दाम पाडून घेता.

पावसाळा सरता सरता त्यांचं म्हणणं खरं ठरलं. सोसायटीतल्या कडुलिंबाखाली गाडी उभी होती. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी देवळात जायला म्हणून रेवतीबाई पुढच्या सीटवर बसल्या, त्या तशाच उठल्या. साडी मागून चिंब. अश्लेषा म्हणाली, सर्व्हिस सेंटरला टाकू. मुरलीधररावांना ते अपमानास्पद वाटलं. छप्पर गळतंय म्हणजे कुठेतरी फट आहे आणि फट आहे म्हणजे ती बुजवायची. यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? न्हाणीघराच्या फरशांना लावून उरलेली सिलिकॉनची नळी त्यांच्याकडे होतीच. त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि केकवर क्रीम काढावं तसं काचेच्या चारी कडांना पांढरं सिलिकॉन लावलं. जिथे फट मोठी वाटली तिथे अंगठ्याने आतपर्यंत दाबलं. काच आता उघडणार नाही, असं अश्लेषा म्हणाली, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "तेच तर हवंय."

पुढे ऑक्टोबर कोरडा गेला, नोव्हेंबर कोरडा गेला, डिसेंबरही गेला. दिल्लीत या महिन्यांत पाऊस पडत नाही, ही गोष्ट मुरलीधररावांच्या दुरुस्तीच्या चांगलीच पथ्यावर पडली. गाडीत थेंब नाही म्हटल्यावर त्यांचा भाव वधारला. पार्किंगमध्ये सनरूफवाली दुसरी गाडी दिसली की ते मालकाला थांबवून विचारायचे, "लीक तो नहीं हो रहा?" नाही म्हटलं तर हिरमुसायचे.

संक्रांतीला महाराष्ट्र मंडळाची मंडळी दरवर्षी पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात, तिथल्या वीरांना अभिवादन करायला. यंदा भाषणासाठी साताऱ्याहून भाऊसाहेब आले होते. वयोवृद्ध, खड्या आवाजाचे, शुभ्र सदरा आणि डोक्याला नवाकोरा कुसुंबी फेटा. पाहुण्यांना बसमध्ये कसं बसवायचं, म्हणून मंडळाने चौकशी केली आणि मुरलीधररावांनी आपण होऊन गाडी पुढे केली. पहाटे निघाले. अश्लेषाला सुट्टी नव्हती. गाडी ते स्वतः चालवत होते, शेजारी भाऊसाहेब, मागे तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन रेवतीबाई.

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. थंडीतला हा पाऊस, इथले लोक त्याला महावट म्हणतात. सीटवर हात फिरवून मुरलीधररावांनी खात्री करून घेतली होती. सीट ठणठणीत कोरडी. ते मनात सुखावले.

पाणी सीटवर नव्हतं, हे खरंच होतं. ते वर होतं. सिलिकॉनच्या कडेकडेने झिरपून, छपराच्या आत कुठेतरी तुंबून ते वाट पाहत होतं. मुकरबा चौकात समोरचा टेम्पो थांबला, मुरलीधररावांनी ब्रेक दाबला आणि छपरातल्या दिव्याच्या फटीतून पाण्याची धार सुटली ती थेट भाऊसाहेबांच्या फेट्यात.

भाऊसाहेब पानिपतच्या मोहिमेतल्या रसदेविषयी बोलत होते. ते थांबले, वर पाहिलं, आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, की दिल्लीकडच्या गाड्यांत एसीचं पाणी असं येतं का.

"थंडीत काच घामेजते," मुरलीधरराव म्हणाले.

आपण हे काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मागून रेवतीबाईंचा खोकला आला. त्या खोकल्याचा अर्थ त्यांना लग्नानंतर पहिल्या वर्षातच समजला होता.

आता मुरलीधररावांच्या लक्षात आलं, की ब्रेक दाबला की पाणी येतं. म्हणून त्यांनी ब्रेक न दाबता जायचं ठरवलं. जीटी रोडवर ट्रकच्या मागे एवढं अंतर ठेवून ते चालले, की मधल्या जागेत सगळा हरयाणा शिरत होता. रिक्षा शिरल्या, उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली शिरली, एक लग्नाची बस शिरली. प्रत्येकाला वाट देत, गाडी आपसूक मंदावू देत ते सरकत राहिले. भाऊसाहेबांनी त्यांच्या संयमाचं कौतुक केलं. पण टोल नाका काही ब्रेकशिवाय पार करता येत नाही. दांडा आडवा होता. मुरलीधररावांनी डोळे बारीक करून, अगदी अलगद ब्रेक दाबला. धार आली. ती आता अलगद आणि बराच वेळ आली.

नवाकोरा फेटा कच्च्या रंगाचा निघाला. काला अंबला भाऊसाहेब उतरले तेव्हा कपाळावरून, कानामागून आणि पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवरून लालभडक ओघळ आले होते. त्यांना स्वतःला ते दिसत नव्हते. मंडळाच्या क्षिप्राताई हार घेऊन पुढे आल्या आणि हार टाकून पाण्याची बाटली आणायला धावल्या. कुणी प्रथमोपचाराची पेटी काढली. मुरलीधररावांना वाटलं, तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं. त्यांनी पुढे होऊन खरं काय ते सांगून टाकलं: रक्त नाही, फेट्याचा रंग आहे, आणि फेट्याचा दोष नाही, गाडी गळते.

भाऊसाहेबांनी छातीवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि सदरा बदलायला साफ नकार दिला. तसेच बोलायला उभे राहिले. धुकं होतं, थंडी होती, आणि समोर रक्ताने माखल्यासारखा म्हातारा पानिपतावर बोलत होता. मागच्या रांगेतल्यांनी तर ही वेशभूषाच आहे असं समजून टाळ्या वाजवल्या. कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर तिळगूळ घेताना भाऊसाहेब मुरलीधररावांना म्हणाले, की इतकी वर्षं बोलतोय, पण अशी दाद कधी मिळाली नव्हती. परत जाताना मात्र ते मंडळाच्या बसने गेले.

परतीच्या वाटेवर, मयूर विहार आल्यावर रेवतीबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, काच घामेजते?"

रविवारी अश्लेषा मोबाइलवर गाडीचं माहितीपुस्तक उघडून बसली. बाबांना वाचून दाखवू लागली. सनरूफमधून पाणी आत येणारच, तसं धरूनच ते बनवलेलं असतं. काचेखाली चहूबाजूंनी चॅनेल असतं, त्यात पाणी पडतं, कोपऱ्यातल्या भोकांतून नळ्यांत जातं आणि गाडीच्या खांबांमधून खाली रस्त्यावर.

मुरलीधरराव ताडकन उठून बसले. "म्हणजे पन्हळ!"

"पन्हाळा? तो किल्ला ना, बाबा?"

"पन्हळ गं! कौलांच्या कडेला लावतात ती."

अश्लेषाने कौलं फक्त चित्रात पाहिली होती. पण मुरलीधररावांना सगळं लख्ख दिसलं. फट हा दोष नव्हताच. पाण्याला यायला वाट होती, जायला नव्हती. आणि ते मात्र महिनोन्महिने यायची वाट बुजवल्याची फुशारकी मारत होते. असा दावा त्यांच्या टेबलावर आला असता, तर त्यांनी शेरा मारून परत पाठवला असता.

तिघं खाली उतरले. आधी सिलिकॉन खरवडायचं होतं. मुरलीधररावांनी सुरी आणली; रेवतीबाईंनी ती काढून घेतली आणि प्लॅस्टिकचं उलथनं हातात दिलं. तेवढ्यात द्वारकाजी मिश्रा आले. त्यांच्या मते गाडी विकून टाकणं हा एकच उपाय होता, आणि तेही कोरड्या दिवसांत. कोणी म्हणालं, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. अश्लेषाने सांगितलं, की जोराच्या हवेने आतली नळी सांध्यातून निसटते, मग पाणी सरळ पायाखाली.

काच उघडली. चारी कोपऱ्यांत कडुलिंबाच्या पानांचा काळा लगदा साचला होता. तो चमच्याने काढला. तीन भोकांत पाणी ओतलं, ते गेलं. डाव्या बाजूच्या पुढच्या भोकात मात्र तसंच उभं राहिलं. मुरलीधरराव तार घेऊन पुढे झाले.

"थांबा," रेवतीबाई म्हणाल्या. "तारेने नळी फाटेल. आधी पाहू दे मला."

त्या वर जाऊन पडदा अडकवायची जुनी स्प्रिंग घेऊन आल्या, प्लॅस्टिकच्या आवरणाची, लवचीक. तिच्या टोकाला त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली आणि परकरात नाडी घालावी तशी, जोर न करता, फिरवत फिरवत आत सरकवू लागल्या. मुरलीधररावांना पाण्याचा जग धरायचं काम मिळालं. स्प्रिंग थोडी आत जाऊन अडली. रेवतीबाईंनी ती हलवली, मागे घेतली, पुन्हा फिरवली, आणि टोकाला चिकटून काहीतरी बाहेर आलं. पांढरं, रबरी, अंगठ्याच्या ठशासकट.

सगळ्यांनी ते पाहिलं. मुरलीधररावांनी ते हातात घेतलं, उजेडात धरलं. कडुलिंबाचा चीक वाळला की असाच दिसतो, असं काहीतरी ते म्हणणार होते. पण रेवतीबाईंचा चेहरा पाहून त्यांनी तो विचार सोडला.

"माझंच आहे," ते म्हणाले.

"ओळखलं मी," रेवतीबाई म्हणाल्या आणि पुन्हा स्प्रिंग फिरवू लागल्या. पण त्या हसत होत्या, आणि मग अश्लेषा हसू लागली, आणि कशाला हसतात ते न कळताही द्वारकाजी.

मुरलीधररावांनी जग वाकडा केला. पाणी भोकापाशी क्षणभर घोटाळलं, गुडगुड झाली, आणि दिसेनासं झालं. ते जग तसाच धरून खाली वाकले. पुढच्या चाकामागून बारीक, स्वच्छ धार जमिनीवर पडत होती. त्यांनी आणखी पाणी ओतलं. आणखी धार आली. सीटवर हात फिरवायला रेवतीबाई स्वतः आत जाऊन बसल्या आणि यावेळी बसूनच राहिल्या.

समोरून सोसायटीचा चौकीदार धावत आला. "अंकलजी, गाड़ी से पानी गिर रहा है!"

"गिरने दीजिए," मुरलीधरराव म्हणाले, आणि जग भरायला नळाकडे निघाले.