क्रेनवाल्या वहिनींचे चार विलन

मांडीवरचं सूप खाली ठेवायचं, दोन्ही तळहात झटकायचे आणि म्हणायचं, "थांबा वं बायांनो, आता त्याचंही आयकून घ्या." क्रेनवाल्या वहिनींनी सूप खाली ठेवलं की आम्हाला कळायचं, पिक्चरमध्ये आता विलन येणार.

भिलाईतल्या आमच्या सेक्टर दहाच्या ब्लॉकमध्ये बायकांना नावं नव्हती म्हटलं तरी चालेल. नवरा कारखान्याच्या ज्या खात्यात, ते तिचं नाव. मी फाउंड्रीवाली. समोरच्या त्या स्टोअरवाल्या काकू. आणि यांचे यजमान क्रेन चालवायचे, म्हणून या क्रेनवाल्या वहिनी. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही कोण जाणे. त्यांचं मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. ब्लॉकमध्ये कुणी त्यांना त्या नावाने हाक मारली नाही.

पिक्चरला सगळ्यांना जाता येत नसे. कुणाचा नवरा नको म्हणे, कुणाची सासू. माझे यजमान काही म्हणत नसत, पण अंधारात अनोळखी माणसांच्या रांगेत बसायची मलाच लाज वाटे. म्हणून जी पाहून येईल तिने दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना सांगायचा, अशी आमची रीत. पुरुष पाळीवर, पोरं शाळेत, आणि आम्ही ब्लॉकमागच्या उन्हात तांदूळ निवडत बसलेल्या.

सांगायच्या सगळ्याच, पण वहिनींसारखं कुणाला येत नसे. त्यांचा एक पिक्चर आठवडाभर पुरायचा. ऐन मोक्यावर सूप उचलून त्या उठायच्या. "उरलेलं उद्या." आम्ही ओरडायचो, पदर ओढायचो. त्या हसत घरात जायच्या. पण दुसऱ्या दिवशी उरलेलं सांगितलं नाही, असं कधी झालं नाही.

त्यांचे यजमान साप्ताहिक सुट्टीला त्यांना लुनावर मागे बसवून कॅम्प-१ जवळच्या टॉकीजला न्यायचे आणि दिवे मालवले की झोपायचे. वर क्रेनमध्ये बसून दिवसभर खालच्या माणसांकडे डोळे लावायचे, त्यामुळे अंधार दिसला की त्यांचे डोळेच मिटत. मारामारीच्या आवाजाने जागे होऊन विचारायचे, "संपला का?" म्हणजे पिक्चर पाहायच्या त्या एकट्याच. त्यांनी सांगितलेलं खोडून काढायला दुसरं कुणी नव्हतं. हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

त्या वर्षांत निळा झगा घालून उडणाऱ्या एका हिरोचे पिक्चर एकामागून एक आले. हिरो तोच, दर वेळी विलन नवा. पोरं झगा म्हणून टॉवेल बांधून जिन्यावरून उड्या मारायची. पण वहिनी हिरोचं एका दमात उरकायच्या. "उडला, आला, मारलं." मग सूप खाली.

लोखंडी हाताच्या माणसाचं त्यांनी आम्हाला असं सांगितलं होतं, की तो गावात उसाचा रस काढायचा. चरकात हात गेला. भावांनी दवाखान्यातून आणला आणि म्हणाले, आता तू शेतात काय कामाचा? ताट वेगळं केलं. मग त्याने लोहाराकडून हात घडवून घेतला. वाघवाल्या राणीचं असं, की तिला मूल नव्हतं. नवऱ्याने दुसरी आणली तेव्हा हिला गोठ्याजवळची खोली दिली. तिथे तिला जंगलातून आलेलं वाघाचं पिल्लू सापडलं. तिने बोळ्याने दूध पाजलं. आंधळा जादूगार, धूर सोडणारा डॉक्टर, सगळ्यांचं असंच काहीतरी. हिरो त्यांना मारायचा तेव्हा आमचे हात तांदळात तसेच थांबलेले असायचे.

"मेला तो?" मी एकदा हळूच विचारलं.

"मेला नाई वं. पडला खाली. असे मरतात का कोणी?"

वहिनी भंडाऱ्याकडच्या. यजमान घरात थोरले. ते नोकरीला भिलाईला आले, मागून वहिनी आल्या, आणि वर्षभरात तिकडे शेतीच्या वाटण्या झाल्या. सासूने सगळ्या गावात सांगितलं, थोरलीने घर फोडलं. लग्नकार्यात वहिनी वाढायला आल्या की सासू ताटावर हात आडवा धरायची, "हिच्या हातचं नको." हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलेलं, लसूण सोलता सोलता, डोळ्यांत पाणी न आणता.

"मी तर येतच नव्हती," त्या म्हणाल्या होत्या. "याइले इकडं मेसचं जेवण पचे ना, म्हणून सासऱ्यांनीच मले पाठवलं. ते गेले. आता कोणाले सांगू? अन् कोणी कधी विचारलंच कुठी, का बाई, तू कावून गेलीस म्हणून."

मग तो पिक्चर आला. पोस्टरवर चौघेही होते. आधी एकेक आलेले विलन या वेळी एकत्र येऊन हिरोवर चालून जाणार होते. वहिनी पोस्टर पाहून आल्या आणि तेवढ्यात त्यांनी ब्लॉकभर सांगून टाकलं. त्या चौघांना आम्ही घरच्यासारखं ओळखत होतो. या वेळी ऐकायचा नाही, पाहायचाच, असं ठरलं. स्टोअरवाल्या काकूंनी पुढाकार घेतला. सासवांना सांगितलं, पिक्चरमध्ये शेवटी देवीचं दर्शन आहे. मीही गेले. टॉकीजमध्ये मी वहिनींचा पदर धरून बसले होते.

सुरुवातीलाच आधीच्या पिक्चरचे तुकडे दाखवले, कोण विलन कुठून आला ते. लोखंडी हातवाला बँक लुटत होता. हिरोने तिजोरीचं दार लावलं, त्यात याचा हात गेला. चरक नाही, भाऊ नाहीत, ताट नाही. वाघवाली राणी राजवाड्यात जन्मलेली, लहानपणापासून चाबूक मारणारी. गोठा नाही, बोळा नाही. आम्ही अंधारात एकमेकींकडे पाहायला लागलो. पुढे तीन तास चौघे एका गुहेत बसून हसत होते. शेवटी हिरोने चौघांना एका दमात लोळवलं. देवीही नव्हती.

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं. रिक्षा मिळेपर्यंत रसवंतीपाशी उभ्या राहिलो. वहिनींचा चेहरा उतरलेला. आम्हाला वाटलं, पकडल्या गेल्या म्हणून. पण त्या आधी बोलल्या, आणि एकदा बोलायला लागल्या की थांबेनात.

"फालतू केला वं पूर्ण. आधी एक एक होता तर भेव वाटे. चौघं झाले अन् भेवच गेलं. करतात काय? हासतात. एक हासला का दुसरा हासते. अवं, चार माणसं एका गुहेत राहतात तर पाण्याचा माठ नाई कुठी? रांधते कोण? त्या वाघवालीले वाघच नाई दिला. एक दाखवला, तो म्हातारा, दोरीले बांधून झोपलेला. अन् लोखंडी हात मागच्या खेपेले उजवा होता, या खेपेले डावा!"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मले वाटलं होतं, चौघं एकत्र आले म्हणजे एकमेकाचं तरी आयकतील. कोणी म्हणन, तुह्या हाताले काय झालं गा? कोणी म्हणन, तू जेवली का बाई? एक शब्द नाई. जो तो हिरोलेच बोलते. मंग एकत्र आणले कायले? एकटे होते तेच बरं होतं."

तेव्हा स्टोअरवाल्या काकू म्हणाल्या, "ते जाऊ द्या वहिनी. तो उसाचा चरक कुठी होता? बोळा कुठी होता? इतके दिवस तुमी आमाले बनवून राहिल्या होत्या काय?"

वहिनींनी लपवलं नाही. "हाव. पिक्चरमधे नव्हतं."

"मंग?"

"असंल ना वं काहीतरी. उगाच कोणी तसं होते का?"

"बाप्पा! विलनची वकिलीण!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. काकूही हसत होत्या. हसता हसताच त्या बोलून गेल्या, "घर फोडणारीले घर फोडणाराइचाच पुळका."

काकू वाईट नव्हत्या. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना त्यांनीच माझ्यासाठी रांधलं. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली. पण परत कसं घेणार? रिक्षा आली. वहिनी माझ्या शेजारी बसल्या. सेक्टर दहापर्यंत त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या उन्हात आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, तांदूळ निवडले, "आज कोणाकडं काय भाजी?" एवढं बोलून उठल्या. पिक्चरला जाणं त्यांनी बंद केलं. त्यांच्या यजमानांनी मला जिन्यात थांबवून विचारलंसुद्धा, "तुमच्या वहिनीले झालं काय? मले झोपाले जागा नाई राहिली." मी मान खाली घालून वर निघून आले. मला कुठल्या पुरुषाशी नीट बोलता येत नसे.

त्याच सुमारास स्टोअरवाल्या काकूंकडे टीव्ही आला. बायका दुपारी तिकडे बसू लागल्या. ब्लॉकमागचं ऊन रिकामं पडलं.

पुढच्या थंडीत एका दुपारी मी विरजण मागायला वहिनींकडे गेले. त्या मागच्या दारात एकट्याच सूप घेऊन बसल्या होत्या. वाटी हातात देऊन म्हणाल्या, "बस ना." मी बसले. त्यांच्या सुपातले खडे वेचू लागले. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, "वहिनी, त्या चौघांचं सांगा ना. तुमचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सूप खाली ठेवलं, हात झटकले.

"आयक मंग," त्या म्हणाल्या. "गुहा-बिहा नाई. एक घर आहे, रेल्वेलाइनच्या पलीकडं, शेवटचं. वाघवाली पहिली आली. तिनं अंगण सारवलं. मंग तो हातवाला आला. त्याले एका हातानं भाकर तोडता येत नाई, लोखंडाच्या हातानं भुगा होते. तर ती भाकर कुस्करून देते त्याले, बोलत काई नाई. आंधळा जादूगार दाराशी बसते, कोण आलं ते पायावरून वळखते. डाक्टरचा धूर? तो चुलीचाच होय. त्याले चूल पेटवता येत नाई नीट, अन् हटून तोच पेटवते."

मी हसले. त्याही हसल्या, त्या पिक्चरनंतर पहिल्यांदा.

"रोज रात्री जेवण झालं का एक जण आपलं सांगते, बाकीचे आयकतात. हिरोले मारायचं हे ठरवलेलंच आहे त्याइनं. पण कोणाचं न कोणाचं सांगायचं राहूनच जाते, म्हणून उद्या जाऊ म्हणतात. असे दिवस चालले. अन् मंग एक दिवस हिरोच आला. उडत नाई, पायी. दारात उभा राहिला. जादूगार म्हणते, आला. हातवाला उठला. वाघ उठला. अन् ती वाघवाली ताट वाढून राहिली होती. तिनं वर पाह्यलं अन् म्हणाली, आधी जेव. मंग मार."

वहिनींनी सूप उचललं.

"तो जेवला का?" मी विचारलं.

"उरलेलं उद्या."

त्याच संध्याकाळी भंडाऱ्याहून वहिनींचा धाकटा दीर आला. सासू ओसरीवर पाय घसरून पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं. धाकट्या दोघी सुनांनी हात वर केले होते. थोरलीला बोलावलं होतं. सकाळच्या पॅसेंजरने वहिनी गेल्या. जाताना घाईत माझ्या दारात आल्या, किल्ली दिली आणि म्हणाल्या, "तुळशीले पाणी घालजो."

त्या परत आल्या नाहीत. यजमान ये-जा करायचे, मग तेही नोकरी संपवून तिकडेच गेले. क्वार्टर सोडायला ट्रक घेऊन आले तेव्हा किल्ली द्यायला मी खाली उतरले. स्टोअरवाल्या काकू आधीच तिथे उभ्या होत्या, पदरात लोणच्याची बरणी झाकून. "वहिनीले द्या," एवढंच म्हणून त्या बरणी ट्रकच्या पुढच्या सीटवर ठेवून गेल्या.

मी सगळा धीर गोळा करून त्यांच्या यजमानांना विचारलं, "वहिनी कशा आहेत? सासूबाई बोलतात का आता?"

त्यांनी सामानाची दोरी आवळली. "आई बोलत नाई," ते म्हणाले. "अजून एक शब्द नाई. पण जेवते. हिच्याच हातचं जेवते. दुसऱ्या कोणी घास धरला तर तोंड फिरवते."

ट्रक गेला. त्या क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं, त्यांनी मागच्या दारापुढे ओटा बांधला. माझ्या मनातला तो हिरो मात्र अजून त्या घराच्या दारात उभा आहे. ताट वाढलेलं आहे. वहिनी सूप उचलून आत गेल्या आहेत.